अरबी समुद्रातला हंपबॅक देवमासा: पुनरुज्जीवन आराखड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवमासे वाचवा म्हणणं सोपं. कुठल्या समुद्रातले, किती, कशापासून आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे कागदावर मांडायला बसलं की खरं काम सुरू होतं. अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांच्या बाबतीत ते काम आपल्या कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतं. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

### हंपबॅक तर जगभर सापडतात. मग अरबी समुद्रातल्यांचा वेगळा आराखडा कशाला?

कारण हे देवमासे समुद्र सोडून जात नाहीत. बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात प्रजननासाठी येतात. दरवर्षी हजारो किलोमीटरची ही वारी त्यांना चुकत नाही. अरबी समुद्रातले मात्र खातात इथेच आणि विण्याचं ठिकाणही इथलंच. मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याला खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर तारली आणि क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) वाढतात, आणि एवढ्या मोठ्या प्राण्याला बाराही महिने पुरेल असं अन्न इथेच, उष्ण कटिबंधात मिळतं.

जनुकीय अभ्यासानुसार हा समूह दक्षिण हिंदी महासागरातल्या नातेवाइकांपासून सुमारे 70,000 वर्षांपूर्वी वेगळा झाला. ऋतुचक्रही उलट आहे: दक्षिणेकडचे हंपबॅक जून ते ऑक्टोबरच्या सुमारास प्रजनन करतात, तर इथले नर डिसेंबर ते मे या काळात गातात. त्यामुळे इथला समूह संपला तर मादागास्करकडून नवे देवमासे येऊन जागा भरून काढतील, ही आशा आराखड्यात धरता येत नाही.

### एकूण किती उरले आहेत?

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा 82 आहे. तो ओमानच्या किनाऱ्यावर 2000 ते 2004 मध्ये घेतलेल्या छायाचित्रांवरून काढला आहे आणि त्याची 95 टक्के विश्वासमर्यादा 60 ते 111 अशी आहे, म्हणजे खरी संख्या बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये असावी. हा आकडा वापरताना दोन गोष्टी विसरल्या जातात. तो ओमानमध्ये छायाचित्रित झालेल्या समूहाचा आहे, संपूर्ण अरबी समुद्राचा नाही. आणि तो दोन दशकांपूर्वीचा आहे. भाषणात "फक्त 82 उरले" म्हणून टाळ्या मिळतात. आराखड्यात मात्र आकड्यासोबत जागा, काळ आणि मर्यादा लिहायलाच हव्यात.

### छायाचित्रांवरून संख्या कशी काढतात?

हंपबॅक खोल बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग आणि कडेचे दाते प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. पहिल्या हंगामात 40 वेगवेगळे देवमासे टिपले, दुसऱ्या हंगामात 35 टिपले आणि त्यातले 17 आधीच्या यादीतले निघाले असं समजा. चॅपमनच्या सूत्राने (40+1) × (35+1) ÷ (17+1) − 1, म्हणजे 81 हा अंदाज येतो. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, पद्धत मात्र हीच.

चूक कुठे होते? पहिलं म्हणजे धूसर छायाचित्रं. वाईट फोटोमुळे ओळखीचा देवमासा "नवा" ठरला की दुबार दिसणाऱ्यांची संख्या घटते आणि अंदाज फुगतो. म्हणून जुळवणीला बसण्याआधी प्रत्येक फोटोला दर्जाचा गुण देतात आणि ठरलेल्या पातळीखालचे बाजूला काढतात, मग त्यात कितीही प्रिय देवमासा असो. दुसरं, काही देवमासे शेपूट क्वचितच उचलतात. त्यांच्यासाठी पाठीवरच्या पराचे (फिनचे) डाव्या आणि उजव्या बाजूचे फोटो वेगळे ठेवावे लागतात. दोन्ही बाजू एकाच प्राण्याच्या आहेत हे ठामपणे माहीत नसेल तर एकत्र मोजायच्या नाहीत. तिसरं, पिल्लांच्या शेपटीवरची नक्षी पहिल्या काही वर्षांत बदलते, त्यामुळे पिल्लं गणितात धरत नाहीत.

2015 मध्ये उभ्या राहिलेल्या अरबी समुद्र देवमासा जाळ्यातले (हे जाळं माणसांचं) अभ्यासक 'फ्लूकबुक' या सामायिक संगणकीय संग्रहात जुळवणी करतात. भारतात, पाकिस्तानात किंवा ओमानमध्ये घेतलेला एक स्वच्छ फोटो या संग्रहात गेला तरच त्याची किंमत. एखाद्याच्या फोनमध्ये पडून राहिलेल्या फोटोचा गणिताला काही उपयोग होत नाही.

### संख्या इतकी खाली आली कशी?

मोठा घाव 1960 च्या दशकातला. सोव्हिएत व्हेलशिकारी ताफ्यांनी 1963 ते 1966 या काळात ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळ 242 हंपबॅक बेकायदा मारले आणि आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाला कळवलेच नाहीत. खरे आकडे सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, 1990 च्या दशकात बाहेर आले. त्या नोंदींमुळे एक गोष्ट मात्र कळली: मारलेल्या अनेक देवमाशांच्या पोटात ताजं अन्न होतं आणि माद्यांच्या गर्भांची वाढ उत्तर गोलार्धाच्या ऋतूशी जुळत होती. हा समूह इथलाच रहिवासी आहे, याचा पहिला भक्कम पुरावा शिकाऱ्यांच्या वहीतून मिळाला.

शिकार थांबून साठ वर्षं होत आली. नैऋत्य अटलांटिकमधले हंपबॅक 1950 च्या दशकात सुमारे 450 वर आले होते, ते आता 25,000 च्या आसपास आहेत. त्यांना फक्त शिकारबंदी पुरली. इथे ती पुरलेली नाही, म्हणजे दुसरं काहीतरी सतत मारत असलं पाहिजे किंवा जन्म कमी होत असले पाहिजेत.

### पुनरुज्जीवन आराखड्यात नेमकं काय असतं?

नीट केलेल्या आराखड्यात ध्येय मोजता येईल अशा शब्दांत लिहिलेलं असतं. "समूह सुरक्षित करणे" हे ध्येय नव्हे. "प्रौढांची संख्या 250 च्या वर, आणि वाढीचा दर सलग दोन मोजण्यांमध्ये धन" हे ध्येय झालं. (250 हा आकडा आंतरराष्ट्रीय लाल यादीच्या निकषातला: त्याहून कमी प्रौढ असलेला समूह "धोक्यात" ठरतो, 50 हून कमी असेल तर "अतिधोक्यात".) त्यानंतर धोक्यांची उतरंड येते, प्रत्येक धोक्यासमोर कृती, कृतीसमोर जबाबदार खातं, वर्ष आणि पैसा, आणि शेवटी आराखडा चुकतोय हे कळण्याची सोय.

बहुतेक आराखडे या शेवटच्या कलमावर आपटतात. कृतींची यादी पन्नासची असते, त्यातल्या चाळीस "जनजागृती" आणि "समन्वय" या नावाच्या असतात, आणि कुठली कृती किती मृत्यू टाळेल याचा हिशेब कुठेच नसतो. आम्ही तरी कोणताही आराखडा हाती आला की तो आकडा आधी शोधतो.

### वर्षाला किती मृत्यू हा समूह सोसू शकतो?

यासाठी अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राणी कायद्यात 1994 पासून वापरलं जाणारं एक सूत्र आहे. संख्येचा सावध, खालच्या बाजूचा अंदाज × कमाल वाढदराचा निम्मा × पुनरुज्जीवन गुणांक. देवमाशांसाठी कमाल वाढदर माहीत नसेल तर 4 टक्के धरतात, आणि धोक्यातल्या समूहासाठी गुणांक 0.1.

82 चा सावध अंदाज त्याच्या विश्वासमर्यादेवरून सुमारे 72 येतो. मग 72 × 0.02 × 0.1 = 0.144. म्हणजे माणसामुळे होणारा एक मृत्यू, सात वर्षांत. खरी संख्या दुप्पट निघाली तरी साडेतीन वर्षांत एक.

हे सूत्र भारताच्या कायद्यात नाही, पण मोजपट्टी म्हणून त्याला पर्याय नाही. एका तरंगत्या जाळ्यात एक देवमासा मेला की सात वर्षांचा कोटा संपला, आणि मादी असेल तर तिच्या पुढच्या पिल्लांचाही. ती प्रौढ व्हायला 5 ते 10 वर्षं लागतात, गर्भ सुमारे 11 ते 12 महिने वाढतो आणि साधारण दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होतं.

### सगळ्यात मोठा धोका कोणता?

गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. ओमानमध्ये शेपटीच्या बुंध्याचे फोटो तपासले तेव्हा 30 ते 40 टक्के देवमाशांवर जाळ्यात अडकल्याशी जुळणारे व्रण दिसले. आणि हे वाचलेल्यांचे व्रण. जे मेले त्यांचे फोटो कोणी काढलेले नसतात.

प्रौढ हंपबॅक 25 ते 30 टनांचा, त्यामुळे तो बहुधा जागेवर बुडत नाही. जाळं ओढत नेतो. दोर शेपटीच्या बुंध्याला किंवा तोंडातून आडवा काचतो, पोहताना जास्त ताकद लागते, खाणं घटतं, जखम चिघळते आणि महिन्यांनी मरण येतं. पिल्लाला एवढी ताकद नसते. ते काही मिनिटांत बुडतं.

### मग गिलनेटवर बंदी घालावी का?

अरबी समुद्राच्या काठावर हजारो कुटुंबं गिलनेटवर जगतात. सरसकट बंदी कागदावर राहील आणि देवमासा अडकल्याची बातमी त्यानंतर कधीच किनाऱ्यावर येणार नाही. खालच्या तीन गोष्टींना जास्त अर्थ आहे.

जाळं खाली उतरवणं. पाकिस्तानात कुपा (ट्यूना) पकडणाऱ्या नौकांवर 2012 पासून तांडेलांनाच (नौकाप्रमुखांनाच) निरीक्षक म्हणून शिकवलं गेलं. त्यांनी जाळ्याची वरची दोरी पृष्ठभागापासून 2 मीटर, म्हणजे साधारण एक वाव खाली सोडली. डॉल्फिन आणि इतर सस्तन प्राणी अडकण्याचं प्रमाण तीन चतुर्थांशांहून जास्त घटलं आणि कुप्याच्या पकडीत मोठा फरक पडला नाही. बोया आणि मुख्य दोरी यांच्यामधल्या उभ्या दोऱ्या लांब करायच्या, एवढाच बदल. हे निष्कर्ष मुख्यतः डॉल्फिनवरचे आहेत हे मात्र ध्यानात ठेवावं. हंपबॅक खोल बुडतो, त्याच्यासाठी फायदा तितकाच असेल असं गृहीत धरू नये.

लांबी. हिंदी महासागर कुपा आयोगाने तरंगत्या गिलनेटला 2.5 किलोमीटरची मर्यादा घातली आहे. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी लांब जाळी वापरात आहेत, कारण बंदरात जाळं मोजणारं कोणी नसतं.

आणि सोडून दिलेली जाळी. फाटलेलं नायलॉनचं जाळं समुद्रात टाकलं की ते वर्षानुवर्षं पकडतच राहतं. बंदरातच ते वजनावर विकत घेण्याची सोय केली तर ते परत येतं.

### जाळ्यात अडकलेला देवमासा दिसला तर मच्छीमारांनी काय करावं?

पाण्यात उडी मारायची नाही. कधीच नाही. 2017 च्या जुलैमध्ये कॅनडात उत्तर अटलांटिक राइट व्हेलला दोरातून मोकळं केल्यावर एका अनुभवी बचावकर्त्याचा मृत्यू झाला. तो नौकेत होता, पाण्यात नव्हता. सुटलेल्या देवमाशाच्या शेपटीच्या एका फटक्याला माणूस टिकत नाही.

दुसरी चूक म्हणजे मागे लोंबणारा दोर कापून टाकणं. दया म्हणून केलेलं हे काम घातक ठरतं. तो लोंबणारा दोर हीच बचाव पथकाची मूठ असते. तो गेला की अंगात रुतलेला भाग तसाच राहतो आणि त्याला धरायला काही उरत नाही.

करायचं ते असं: अंतर राखून मागे राहा, जीपीएसवरचं ठिकाण, देवमाशाची दिशा आणि वेग टिपा, दोर कुठून कुठे गेलाय त्याचे फोटो किंवा व्हिडिओ घ्या, तटरक्षक दल आणि वन विभागाला कळवा, आणि शक्य असेल तर पथक येईपर्यंत नजरेआड होऊ देऊ नका.

प्रशिक्षित पथक जुनी व्हेलशिकाऱ्यांची युक्ती उलटी वापरतं. लोंबत्या दोराला आकडा लावून मोठे बोये बांधतात. त्यांच्या ओढीने देवमासा थकतो आणि पृष्ठभागाजवळ राहतो. मग लांब काठीच्या टोकाला बसवलेल्या, आतल्या बाजूने धार असलेल्या आकड्यासारख्या सुरीने रुतलेला दोर कापतात. बाहेरची कड बोथट असते म्हणून कातडी फाटत नाही. डोक्यावर हेल्मेट, नौकेत पायाखाली दोराचं वेटोळं पडू द्यायचं नाही, सगळ्यांच्या हाताशी सुरी. संध्याकाळ झाली किंवा वारा वाढला तर कापायला सुरुवातच करत नाहीत. उपग्रह किंवा जीपीएस बोया लोंबत्या दोराला बांधतात आणि सकाळी परत शोधतात. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाचं जागतिक प्रशिक्षण याच पद्धतीचं आहे. पश्चिम किनाऱ्यावर असं साहित्य आणि शिकलेली माणसं निदान दोन-तीन बंदरांत तयार असणं, हे आराखड्यातलं तुलनेने स्वस्त कलम आहे.

### जाळं कापून देवमासा सोडला तर मच्छीमाराचं नुकसान कोण भरून देतं?

महाराष्ट्रात 2018 च्या डिसेंबरपासून संरक्षित सागरी प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष ती चालवतात, आणि सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून लागतात. कासवं, देवमुशी आणि डॉल्फिन यांच्या कितीतरी सुटकांच्या नोंदी यामुळे झाल्या. मोठ्या गिलनेटची किंमत मात्र याच्या कितीतरी पट असते, आणि भरपाई हातात पडायला लागणारा वेळ हा दुसरा खर्च. रक्कम थोडी कमी असली तरी ती महिन्याभरात मिळाली तर पुढचा तांडेल फोन करतो. वर्षाने मिळाली तर करत नाही.

### जहाजांच्या धडकेवर उपाय काय?

वेग आणि मार्ग, दोनच. 15 नॉटच्या (तासाला 15 सागरी मैल) वेगाने धडक बसली तर देवमासा मरण्याची शक्यता सुमारे 80 टक्के, साडेआठ नॉटच्या आसपास ती 20 टक्क्यांवर येते. अमेरिकेने 2008 च्या डिसेंबरपासून राइट व्हेलच्या हंगामी पट्ट्यांत 65 फूट आणि त्याहून लांब नौकांना 10 नॉटची मर्यादा घातली, ती याच हिशेबावरून.

मार्ग बदलणं आणखी परिणामकारक, पण त्यासाठी देवमासे नेमके कुठे असतात हे ठाऊक लागतं. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला निळ्या देवमाशांचा पट्टा माहीत होता, म्हणून एक मोठी कंटेनर कंपनी 2022 पासून आपली जहाजं स्वतःहून 15 सागरी मैल दक्षिणेकडून नेते. अरबी समुद्रात ओमानचं मसीरा आखात आणि हल्लानियात उपसागर हे ठळक पट्टे आहेत. दुक्मचं नवं बंदर त्यातल्या एकाच्या काठावर उभं आहे. आपल्याकडे मुंबई, न्हावा शेवा आणि होऊ घातलेलं वाढवण इथली वाहतूक वाढत जाणार, आणि देवमाशांचा पट्टा आखण्याआधी जहाजांचा पट्टा पक्का झाला की तो हलवणं फार अवघड.

### भारतात हे हंपबॅक खरंच येतात का?

येतात. 2017 च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकाजवळ पोहोचली आणि नंतर परत ओमानला गेली. (लुबान म्हणजे आपला लोबानच.) त्याआधीच्या टॅगांमध्ये देवमासे ओमान आणि येमेनच्या किनाऱ्यालाच फिरताना दिसले होते, म्हणून तोपर्यंत भारताच्या बाजूचं गणित कच्चं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ पाण्याखालच्या रेकॉर्डरवर हंपबॅकचं गाणं सापडलं.

### पाण्याखालचं रेकॉर्डिंग कसं करतात?

दिसण्यावर विसंबलं तर दिवसभर समुद्रात फिरून एकही हंपबॅक न दिसणं हे नेहमीचं. नर मात्र तासन्‌तास गातो आणि रेकॉर्डरला डिझेल लागत नाही.

गाण्याचा बराचसा भाग 4 ते 5 किलोहर्ट्झच्या खाली असतो, म्हणून 16 किलोहर्ट्झचा नमुना-दर पुरतो. 16 बिट, एक मार्गिका धरली तर दिवसाला साधारण 2.8 गिगाबाइट होतात. दर अर्ध्या तासात 10 मिनिटं ध्वनिमुद्रण केलं तर दिवसाचा एक गिगाबाइटही भरत नाही आणि 128 गिगाबाइटचं कार्ड साडेचार महिने चालतं. नोव्हेंबरअखेरीस सोडून एप्रिलमध्ये काढायचं म्हटलं तर हंगामाचा गाभा त्यात बसतो, आणि पावसाळ्याच्या आत यंत्र हाती येतं.

हरवतं कशाने? ट्रॉलरने. किंवा वरच्या बोयामुळे, कारण फुकटात तरंगणारा चांगला बोया कोणीही उचलून नेतो. त्यामुळे वर बोया ठेवत नाहीत. ध्वनिसंकेत दिल्यावर वजनापासून सुटणारं साधन वापरतात, खडकाळ तळ निवडतात (ट्रॉलर तिथे जाळं ओढत नाहीत), आणि जवळच्या गावातल्या तांडेलांना ठिकाण आधीच सांगून ठेवतात. गुपित ठेवलेला रेकॉर्डर बहुधा परत येत नाही.

गाणं सापडलं नाही म्हणजे देवमासे नव्हते असं लिहू नये. माद्या आणि पिल्लं गात नाहीत.

### पकडून, बंदिस्त ठेवून प्रजनन करता येईल का?

नाही. एवढ्या मोठ्या प्राण्याला सांभाळणारी सोय जगात कुठे नाही. मेक्सिकोत वाकिटा ही छोटी पॉरपॉइझ (डॉल्फिनसारखा सागरी सस्तन प्राणी) पकडण्याचा प्रयत्न 2017 मध्ये झाला; त्यात एक मादी दगावली आणि मोहीम थांबवावी लागली. वाकिटाही गिलनेटमुळेच संपत आली आहे.

### मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर त्याचा आराखड्याला काय उपयोग?

फार मोठा. इथे नेहमी घाई होते: दुर्गंधी येते, गर्दी जमते, जेसीबी येतो आणि दुपारपर्यंत सगळं पुरलं जातं. मृत्यूचं कारणही सोबत पुरलं जातं. केंद्राची सागरी महाप्राणी किनाऱ्याला लागण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं 2021 पासून आहेत. प्रत्यक्ष जागेवर क्रम असा ठेवावा.

हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो, मोजपट्टी शेजारी धरून. शेपटीची खालची बाजू नक्की टिपावी, हा प्राणी संग्रहात आधीच असू शकतो. दोराचे वळ, विशेषतः शेपटीचा बुंधा, तोंडाचे कोपरे आणि परांची मुळं, पाणी मारून धुण्याआधी टिपावेत. लांबी मोजताना जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजावी. पाठीच्या वळणावरून टेप नेला तर आकडा वाढतो आणि वयाचा अंदाज चुकतो. कुजण्याची अवस्था 1 ते 5 अशी नोंदवावी.

कातडीचा सेंटिमीटरभर तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये, द्रव नमुन्याच्या दहापट. फॉर्मलिनमध्ये टाकला तर डीएनए खराब होतो, आणि ही चूक वारंवार होते. चरबीचा तुकडा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून उणे 20 अंशांवर. धडकेचा संशय असेल तर कातडी शाबूत दिसली तरी चरबीखालचं साकळलेलं रक्त आणि मोडलेली हाडं पाहिल्याशिवाय "नैसर्गिक मृत्यू" लिहू नये. फुगलेलं पोट उभ्याने कापू नये. वायूच्या दाबाने आतडी अंगावर येतात. लांब काठीला लावलेल्या सुरीने बाजूने लहान छेद देऊन आधी वायू जाऊ द्यावा.

पुरायचं ते भरतीरेषेच्या वर आणि खोल. सांगाडा नंतर हवा असेल तर परांभोवती जाळी गुंडाळून पुरावं, नाहीतर बोटांची लहान हाडं वाळूत हरवतात. जागेचं जीपीएस लिहून ठेवावं. वर्षभराने कोणालाच आठवत नाही.

### आणि जिवंत असेल तर?

नाकपुड्या मोकळ्या ठेवा, त्यात पाणी जाऊ देऊ नका, अंगावर ओली कापडं टाका, परांखालची वाळू उकरा, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. शेपटीला दोर बांधून ओढू नका, मणके निखळतात. दूध पिणारं पिल्लू आईशिवाय असेल तर ते जगण्याची शक्यता जवळजवळ नसते. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याजवळ लागलेल्या देवमाशाच्या पिल्लाला समुद्रात पोहोचवण्यासाठी लोकांनी जिवाचं रान केलं, तरी ते वाचलं नाही.

### देवमाशाची उलटी सापडली तर?

ती हंपबॅकची नव्हेच. अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. तो बाळगणं आणि विकणं भारतात गुन्हा आहे. सापडला तर वन विभागाला कळवा.

### कायद्याने हा प्राणी कोणाच्या अखत्यारीत येतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. कातडीचा नमुना घेणं किंवा टॅग लावणं यासाठी कलम 12 खाली परवानगी लागते. हंगाम डिसेंबरला सुरू होत असेल तर अर्ज पावसाळ्याआधी गेलेला बरा. 2018 मध्ये केंद्राने अरबी समुद्रातल्या हंपबॅकचा अतिधोक्यातल्या प्रजातींच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात समावेश केला. आंतरराष्ट्रीय लाल यादीत मात्र हा समूह 2008 पासून "धोक्यात" या वर्गात आहे. कार्यक्रमाच्या नावामुळे हा घोळ नेहमी होतो.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या हातात, त्यापुढे केंद्राच्या. देवमाशाला ही रेषा माहीत नाही, पण फाइलींना पक्की माहीत आहे. देशांदेशांमधल्या कामासाठी स्थलांतरित प्रजातींच्या कराराखाली 2017 मध्ये मनिलाच्या परिषदेत संयुक्त कृती मंजूर झाली.

### आराखडा यशस्वी झाला हे कळायला किती वर्षं?

वर्षाला 3 टक्के वाढ धरली तर संख्या दुप्पट व्हायला 23-24 वर्षं, आणि 82 चे 250 व्हायला सुमारे 38. तेही एकूण संख्या धरून; 250 प्रौढ हवे असतील तर आणखी. मंत्रालयांचे कार्यक्रम पाच वर्षांचे असतात. त्यात संख्या वाढल्याचं दाखवा म्हटलं तर कोणीतरी खोटं बोलणार, कारण 60 ते 111 एवढ्या रुंद मर्यादेत पाच वर्षांतली वाढ काय आणि घट काय, दोन्ही लपून जातात.

म्हणून पाच वर्षांची कसोटी मृत्यूंच्या कारणांवर लावावी: किती नौकांनी जाळं खाली उतरवलं, अडकल्याचा फोन आल्यापासून पथक किती तासांत निघालं, किती मृत देवमाशांची पूर्ण तपासणी झाली, नव्या व्रणांचं प्रमाण घटलं का. सुरुवातीच्या वर्षांत नोंदवलेले मृत्यू वाढलेले दिसतील. ते बहुधा नोंदी सुधारल्यामुळे असतं, हे पैसे देणाऱ्याला आधीच लेखी सांगून ठेवावं.

### कोकणात समुद्रात देवमासा दिसला. हंपबॅक कसा ओळखायचा आणि काय टिपायचं?

कोकणात दिसणारा देवमासा बहुधा ब्रायडीज असतो. 2015 मध्ये कुणकेश्वरजवळ निळे देवमासेही दिसले होते. ब्रायडीजच्या डोक्यावर तीन उभ्या कडा असतात, पाठीचा पर उंच आणि मागे वळलेला, आणि तो शेपूट सहसा वर काढत नाही. हंपबॅकचे बाजूचे पर लांबलचक, शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश, डोक्यावर गाठी, पाठीचा पर बुटका आणि उंचवट्यावर बसलेला, फवारा झुबकेदार, बुडताना पाठीची कमान होते आणि शेपूट वर येतं.

इंजिन न्यूट्रलला टाका, 100 मीटरच्या आत जाऊ नका, समोरून आडवे येऊ नका. शेपूट वर येताना मागून एकामागोमाग फोटो घ्या, मग पाठीच्या पराचे दोन्ही बाजूंचे. तारीख, वेळ, जीपीएस, खोली, किती प्राणी, सोबत पिल्लू होतं का, जवळ कुठली जाळी होती हे लिहा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवला की आकार घटतो आणि शेपटीच्या कडेचे दाते दिसेनासे होतात.